घरच्या एनग्रेव्हिंगसाठी छोटा आणि कमी आवाजाचा कॉम्प्रेसर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात फ्लॅटमध्ये, वाड्यातल्या एका खोलीत नाहीतर बंद बाल्कनीत बसून तांबं, पितळ, चांदी, काच यांच्यावर एनग्रेव्हिंग, म्हणजे कोरीवकाम, करणारे बरेच जण झालेत आता, आणि सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते, कॉम्प्रेसर (हवा दाबून टाकीत भरणारं मशीन) कोणता घ्यायचा. हाताचं टूल लोक महिनाभर अभ्यास करून घेतात आणि कॉम्प्रेसर मात्र दुकानदार देईल तो उचलून आणतात, मग घरचे वैतागतात, खालचे काका वर येतात आणि छंद माळ्यावर जातो. तसं होऊ नये म्हणून हे सगळं एकत्र लिहिलंय.

मुळात एनग्रेव्हिंगला कॉम्प्रेसर लागतोच का?

नाही, लागतोच असं नाही. तळहाताने ढकलायचा ग्रेव्हर (धार लावलेली कोरायची सळई) किंवा छिन्नी-हातोडी यावर शेकडो वर्षं काम चाललंय, कसबा पेठेत तांबट आळीत मठारकाम बघा, सगळं हाताच्या ठोक्यावर. उलट मी म्हणेन की आधी थोडे महिने हाताने ढकलून रेघा ओढायला शिका, ग्रेव्हरला धार कशी लावायची आणि कुठला कोन ठेवायचा हे हाताला कळू द्या, कारण धार नीट नसेल तर हवेवरचं टूलसुद्धा रेघ फाडतंच.

कॉम्प्रेसर लागतो तो दोन प्रकारच्या टूलला. एक म्हणजे न्यूमॅटिक हँडपीस, म्हणजे हवेवर चालणारं हातात धरायचं टूल, ज्याच्या आत छोटा पिस्टन हवेवर पुढेमागे होतो आणि ग्रेव्हरला बारीक बारीक ठोके देतो, धातूवर कोरायला हा. आणि दुसरं म्हणजे एअर टर्बाइन, डेंटिस्टकडे असतं तसंच, ३ ते ४ लाख आरपीएमने फिरणारं, काच, दगड, अंड्याचं कवच असल्या कामासाठी.

भांड्यांवर नाव घालायचं मशीन असतं त्याला पण कॉम्प्रेसर लागतो का?

नाही. ते विजेवर चालतं, आत कॉइल आहे आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा खेचते, म्हणजे मिनिटाला ६००० ठोके. नाव, तारीख एवढंच घालायचं असेल तर तेच घ्या, बाकी काही नको.

माझ्या टूलला किती हवा लागेल हे कसं कळणार?

हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा, बाकी सगळं याच्यावर ठरतं. टूलच्या मॅन्युअलमध्ये दोन आकडे शोधा, प्रेशर किती आणि मिनिटाला हवा किती. प्रेशर पीएसआय किंवा बारमध्ये असतं, १ बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय. हवा सीएफएम (मिनिटाला घनफूट) किंवा लिटर प्रति मिनिट, १ सीएफएम म्हणजे २८.३ लिटर.

अंदाज हवा असेल तर, न्यूमॅटिक हँडपीस कमी खातो, बहुतेक वेळा १ सीएफएमच्या आतच काम होतं आणि प्रेशरही जास्त नसतं. टर्बाइन मात्र खादाड, ३० ते ४० पीएसआयला मिनिटाला साधारण ३५ ते ५० लिटर, आणि पेडल दाबलंय तोपर्यंत सलग. एअरब्रश (हवेने रंग फवारायचं पेन) १० ते २० लिटरमध्ये भागतो. काचेवर सँडब्लास्टिंग करायचं असेल तर तो वेगळाच विषय आहे, त्याला मोठा कॉम्प्रेसर लागतो आणि तो फ्लॅटमध्ये शांतपणे होणारं काम नाही, उगाच नादी लागू नका.

दुकानदार फक्त एचपी आणि टाकीचे लिटर सांगतो. त्यावरून काय समजायचं?

फार काही नाही समजत. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, ती मोटरची ताकद झाली, हवा किती देते ते नाही. डब्यावर जो हवेचा आकडा असतो तोही पुष्कळदा डिस्प्लेसमेंटचा असतो, म्हणजे पिस्टनच्या आकारावरून काढलेला हिशोब. खरी बाहेर पडणारी हवा, जिला एफएडी म्हणतात, ती त्यापेक्षा बरीच कमी असते आणि प्रेशर वाढेल तशी अजून कमी होते. म्हणून विचारताना असंच विचारा की "५ बारला एफएडी किती?" उत्तर नाही आलं तर स्वतः मोजता येतं, घड्याळ पुरे.

टाकी पूर्ण रिकामी करायची, बाहेरचा कॉक बंद, कॉम्प्रेसर चालू आणि काटा ६ बारला पोचेपर्यंतचा वेळ मोजायचा. २४ लिटरची टाकी ६ बारपर्यंत भरायला २४ गुणिले ६ म्हणजे १४४ लिटर हवा आत जाते. २ मिनिटं २४ सेकंद लागले तर सरासरी ६० लिटर प्रति मिनिट. साडेचार पावणेपाच मिनिटं लागली तर जेमतेम ३०, मग डब्यावर काहीही छापलेलं असू दे. दुकानदाराला पाच मिनिटं द्यायला सांगायला लाजू नका, चांगला माणूस देतो.

टाकी मोठी घेतली की मोटर कमी चालते ना?

हा गैरसमज जवळजवळ सगळ्यांचा असतो. मोटर एकूण किती वेळ चालणार हे टाकीवर नसतं, तुम्ही हवा किती खाता आणि कॉम्प्रेसर किती देतो या दोनच गोष्टींवर असतं. कॉम्प्रेसर ६० लिटर देतोय आणि तुमचा हँडपीस १५ खातोय, तर मोटर तासातली १५ मिनिटं चालणार. टर्बाइन ४० खातंय तर तासातली ४० मिनिटं. टाकी २४ लिटरची असो की ५० ची.

टाकीने फरक पडतो तो वेगळा. २४ लिटरची टाकी ८ बारपासून ६ बारपर्यंत उतरताना ४८ लिटर हवा देते, १५ लिटरने खाल्ली तर सव्वातीन मिनिटं शांतता आणि मग मिनिटभर मोटर. ५० लिटरची असेल तर साडेसहा मिनिटांची शांतता आणि मग दोन मिनिटांहून थोडी जास्त मोटर. बारीक काम करताना हे फार महत्त्वाचं आहे, कारण वेलबुट्टीचं एक वळण पुरं व्हायच्या आत मोटर दचकून सुरू झाली की हात हलतो. आणि ३ लिटरची छोटी टाकी असलेले एअरब्रशवाले कॉम्प्रेसर असतात ते तर सारखे चालू-बंद चालू-बंद करतात, त्याचा त्रास सलग आवाजापेक्षा जास्त होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

तर, टूल कमी खाणारं असेल तर २४ ते ३० लिटरची टाकी घरासाठी बरोबर मापाची. टर्बाइनवाल्यांनी टाकीच्या मागे न लागता एफएडी जास्त असलेला घ्यावा.

डब्यावर "सायलेंट, ४५ डीबी" लिहिलंय. विश्वास ठेवायचा का?

डीबी म्हणजे डेसिबल, आवाजाचं माप. तो आकडा किती अंतरावरून मोजलाय हे लिहिलेलं नसेल तर त्याला काही अर्थ नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डीबीने उतरतो, म्हणजे १ मीटरवर ६३ असलेला कॉम्प्रेसर ४ मीटरवर ५१ दाखवणार, आणि छापणाऱ्याने कुठला छापायचा हे त्याच्या मनावर. आपल्या खोल्यांमध्ये तर फरशी, प्लास्टर केलेल्या भिंती, सगळं आवाज परत फेकणारं, त्यामुळे अंतराने तेवढासुद्धा उतरत नाही.

अजून एक लक्षात ठेवा, डीबी साध्या बेरजेने वाढत नाही. १० डीबी वाढले की कानाला साधारण दुप्पट मोठं वाटतं. म्हणजे ६० वाला आणि ७० वाला यात फरक दिसायला थोडा आणि घरात बसून ऐकायला प्रचंड.

मग खरोखर कमी आवाजाचा कुठला?

मोटरची नेमप्लेट वाचा. आपल्याकडच्या विजेवर दोन पोलची मोटर साधारण २८०० आरपीएमने फिरते आणि चार पोलची साधारण १४०० ने. १४०० वाला घ्या. पिस्टन मिनिटाला निम्म्या वेळा आपटतो, आवाज खालच्या पट्टीतला येतो, रिंगही जास्त टिकते. स्टिकरवरच्या "सायलेंट" शब्दापेक्षा हा एक आकडा जास्त खरं बोलतो.

प्रकार म्हणाल तर ढोबळ असे. गॅरेजमध्ये असतो तो २ एचपी, २४ लिटर, २८०० आरपीएमचा डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर पिस्टनला थेट जोडलेली), स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा, पण घरात अजिबात नको, बाजूला बसून बोलता येत नाही. मग डेंटल टाइप ऑइल-फ्री, ५५० किंवा ७५० वॅट, पिस्टनची दोन डोकी दोन बाजूला, १४०० आरपीएम, दवाखान्यात पेशंटच्या शेजारच्या खोलीत चालावा म्हणूनच बनवलेला. घरच्या एनग्रेव्हिंगला दहातल्या आठ जणांना मी हाच सांगतो. त्याच्या खाली एअरब्रशवाला १/६ एचपीचा, साधारण २० ते २३ लिटर हवा देणारा, न्यूमॅटिक हँडपीसला कसाबसा पुरतो, पण ३ बारला चालू आणि ४ बारला बंद अशी त्याची सेटिंग असते म्हणजे टाकीत साठा असा काही राहत नाही, आणि सलग चालवला तर चांगलाच तापतो. आणि सगळ्यात शांत म्हणजे फ्रिजसारखा सीलबंद मोटर असलेला ऑइलवाला, तो खरंच फ्रिजइतकाच घुमतो, पण महाग, जड आणि हवा कमी.

दुकानात ऐकून बघितला, शांत वाटला. घरी आणला तर डोकं उठलं. असं का?

कारण तुम्ही बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, भर दुपारी ऐकलात. हातगाड्या, टेम्पोचे हॉर्न, शटर, पत्रे कापायचा आवाज, त्यात ७० डीबीचा कॉम्प्रेसरसुद्धा गरीब गायीसारखा वाटतो. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या जा, रस्ता अजून मोकळा असताना.

आणि नुसतं ऐकू नका, हात लावून बघा. कॉम्प्रेसर काउंटरवर किंवा लाकडी फळीवर ठेवायला लावा आणि चालू असताना तळहात फळीवर ठेवा. हाताला मुंग्या आल्यासारखं होत असेल तर ते सगळं उद्या तुमच्या स्लॅबमध्ये जाणार आहे. टाकी भरून बंद होतानाही लक्ष द्या, "फुस्स" करून कॉम्प्रेसरच्या डोक्यातली अडकलेली हवा सुटली पाहिजे, ती सुटली नाही तर पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध सुरू व्हायला कण्हते आणि लवकर जळते. मग बंद करून दहा मिनिटं काटा बघा, टाकीचं प्रेशर उतरता कामा नये.

फ्लॅटमध्ये ठेवायचा कुठे? खालच्यांची तक्रार येते.

खालच्यांना हवेतून आवाज जात नाही, स्लॅबमधून थरथर जाते, आणि पलंगावर आडवं झालं की ती जास्त जाणवते. म्हणून आवाज कमी करायच्या आधी थरथर तोडा. कॉम्प्रेसरच्या पायाखाली वॉशिंग मशीनला लावतात ते जाड रबरी पॅड, त्याखाली एक जड फरशीचा किंवा कडाप्प्याचा तुकडा, त्याखाली परत रबर. ओट्यावर, लोखंडी रॅकवर, भिंतीला टेकवून नको. टाकीपासून निघणारी नळीसुद्धा लवचिक हवी, ताठ पाइप भिंतीला क्लॅम्प केला तर भिंतच बोलायला लागते.

जागा म्हणाल तर तुमच्या टेबलाजवळ नकोच. नळी ५ ते १० मीटर घ्या, ८ मिमीची पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब एवढ्या हवेला आरामात पुरते, आणि कॉम्प्रेसर ड्राय बाल्कनीत किंवा दारापलीकडे. मध्ये बंद दार आलं की जो फरक पडतो तो कुठल्याही महागड्या मॉडेलने पडत नाही. बाल्कनीत पावसाची झड येते तिथे ठेवू नका आणि शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीसमोर तर नकोच नको, आपला त्रास उचलून दुसऱ्याच्या घरात ठेवणं झालं ते.

हवा ओढायच्या तोंडावर जो छोटा फिल्टर असतो तिथून बराच आवाज येतो हे पुष्कळांना माहीत नसतं. तिथे फिल्टर-सायलेन्सर बदलून मोठा बसवला, किंवा मीटरभर जाड नळी लावून तोंड दुसरीकडे नेलं तर टकटक लगेच खाली येते.

लाकडी खोक्यात बंद करून ठेवला तर?

हवा खेळती ठेवली तरच. कॉम्प्रेसर तापतो, पुण्याच्या एप्रिल-मे मध्ये खोलीच ३८ ची असते, त्यात बंद खोकं म्हणजे मोटरचा थर्मल कटआउट (तापली की मोटर बंद करणारा स्विच) सारखा पडणार आणि ऑइल-फ्रीच्या रिंगा लवकर झिजणार. १८ मिमीचा प्लाय, आतून फोम, एका बाजूने खालून हवा आत आणि समोरच्या बाजूने वरून बाहेर, दोन्ही वाटा वळणाच्या, आणि बाहेरच्या वाटेवर एक पंखा. पंखा कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही थोडा वेळ चालू राहू दे. एवढं करायची तयारी नसेल तर खोक्याच्या भानगडीत पडू नका, तीन बाजूंनी जाड गोधडी टांगलेली परवडली, फक्त मोटरला लागता कामा नये.

रात्री काम करायचंय, ऑफिसमुळे दिवसा वेळच नसतो. काय करू?

नियम आधी सांगतो, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पण नियमाच्याही आधी शेजारधर्म येतो, वरती लहान बाळ आहे, शेजारी आजी आजारी आहेत हे आपल्यालाच माहीत असतं.

रात्रीचा उपाय म्हणजे साठा. साडेनऊला टाकी ८ बारपर्यंत भरून स्विच बंद करायचा आणि टाकीवर काम करायचं. ५० लिटरची टाकी ८ वरून ३ बारवर येईपर्यंत २५० लिटर देते, १५ लिटरने सलग खाल्लं तर सोळा-सतरा मिनिटं, पण प्रत्यक्षात आपण सलग कोरतच नाही, बघतो, पुसतो, वळवतो, धार लावतो, त्यामुळे तासभर सहज निघतो. दुसरी जादा टाकी जोडली तर अजून. ती टाकी हवेच्या प्रेशरसाठीच बनवलेली हवी, जुना गॅस सिलिंडर अजिबात नको, एकतर तो गॅस कंपनीच्या मालकीचा असतो आणि दुसरं म्हणजे आतून ओल लागून कधी गंजला ते कळणारही नाही.

आणि दुपारी १ ते ४ मध्येही जरा सांभाळून, सदाशिव पेठेतच नाही, सगळीकडेच म्हातारी माणसं त्या वेळी पडलेली असतात.

पावसाळ्यात हँडपीसमधून पाणी येतं. कॉम्प्रेसर खराब आहे का?

खराब नाहीये, ते पाणी हवेतलंच आहे. २५ अंशाला ओलाव्याने पूर्ण भरलेल्या १००० लिटर हवेत २३ ग्रॅम पाणी असतं. जुलैतल्या पुण्यात ८५ टक्के ओलावा धरला तर साधारण साडेएकोणीस ग्रॅम. ती हवा ८ बारला दाबली की तेवढं पाणी वाफेच्या रूपात मावतच नाही, फक्त अडीच-तीन ग्रॅम मावतं आणि बाकीचं १६-१७ मिली, म्हणजे तीन चमच्यांहून जास्त, टाकीत आणि नळीत उतरतं. टर्बाइनवर २५ मिनिटं काम केलं की १००० लिटर होतात, म्हणजे एका संध्याकाळी किती पाणी होतं ते बघा.

टाकीच्या बुडाचा ड्रेन कॉक रोज काम संपल्यावर उघडायचा, थोडं प्रेशर शिल्लक असतानाच, खाली वाटी धरून. पाणी चहासारखं तांबूस आलं तर आत गंज सुरू झालाय. उघडायचं विसरलात तर ते पाणी टाकीत राहतं आणि टाकी आतून खाते, बाहेरून रंग नवा कोरा दिसत असतानाच.

वॉटर सेपरेटर, म्हणजे हवेतलं पाणी पकडणारा डबा, लावायचा तो कॉम्प्रेसरच्या बुडाशी नाही तर नळीच्या शेवटी, टेबलाजवळ. कॉम्प्रेसरजवळ हवा गरम असते, गरम हवेतलं पाणी वाफच असतं, ते सेपरेटरमधून आरामात पुढे निघून जातं आणि नळीत थंड झाल्यावर पाणी होतं. आधी थंड होऊ द्या मग पकडा. कॉम्प्रेसरचं डोकं आणि टाकी यांच्यामध्ये तांब्याच्या नळीची ३-४ मीटरची गुंडाळी लावली, एसी दुरुस्तीवाल्यांकडे मिळते तीच, तर बरंच पाणी टाकीतच पडतं. न्यूमॅटिक हँडपीससाठी जून ते सप्टेंबर सेपरेटरनंतर एक सिलिका जेलचा डबाही लावा. दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर गरम करून परत वापरता येतात, पण ती कढई परत स्वयंपाकाला घ्यायची नाही.

ऑइल-फ्री की ऑइलवाला?

घरी ऑइल-फ्री. ऑइलवाला जास्त टिकतो आणि शांतही असतो, पण तेलाचा बारीक धूर हवेबरोबर पुढे येतो, त्याला वेगळा फिल्टर लागतो, तेलाची पातळी बघावी लागते, उचलताना आडवा करता येत नाही. बऱ्याच न्यूमॅटिक हँडपीसना कोरडी आणि बिनतेलाची हवा लागते, तेल आत गेलं की पिस्टन चिकटतो आणि ठोका मंद पडतो. टर्बाइनचं उलटं, त्याच्या बेअरिंगला तेल लागतं, पण ते हँडपीस ऑइलचे थेंब आपण हाताने द्यायचे, कॉम्प्रेसरच्या तेलाने ते काम होत नाही.

जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा बनवता येतो म्हणतात?

येतो, आणि आवाज खरंच कमी येतो. पण फ्रिजमधला गॅस स्वतः कापून सोडू नका, आताच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर ६०० ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. फ्रिजवाल्या मेकॅनिककडूनच काढून घ्या. वर प्रेशर स्विच, सेफ्टी व्हॉल्व्ह, एकदिशा व्हॉल्व्ह, ऑइल फिल्टर हे सगळं लावावं लागतं, आणि हवा इतकी कमी मिळते की टर्बाइन चालत नाही. ज्याला बनवण्यातच आनंद आहे त्याने करावं.

फिश टँकचा पंप, गाडीचा टायर इन्फ्लेटर?

फिश टँकचा पंप लेझर एनग्रेव्हरच्या नोझलला फुंकर घालायला चालतो, तिथे प्रेशर नको असतं, हवा वाहती हवी असते. हँडपीसला नाही, अर्धा बारसुद्धा देत नाही तो. टायर इन्फ्लेटर प्रेशर देतो पण दहा मिनिटांत तापतो आणि आवाज असह्य, नको.

नळ्या, फिटिंग, रेग्युलेटर यात काय बघायचं?

रेग्युलेटरवर, म्हणजे प्रेशर कमी-जास्त करायच्या नॉबवर, पैसे वाचवू नका. कॉम्प्रेसरबरोबर येतो तो ० ते १० बारचा असतो आणि आपलं काम १ ते ३ बारमध्ये, तिथे त्याचा खटका जरा फिरवला की काटा उडी मारतो. टेबलाजवळ ० ते ४ बारचा वेगळा रेग्युलेटर लावा, ठोक्याची ताकद किती हाताशी येते ते लगेच कळेल.

परदेशी हँडपीस मागवलात तर आटे बघा. आट्यांची दोन मापं असतात, आपल्याकडे बीएसपी, अमेरिकन मालावर एनपीटी. पाव इंचात बीएसपीला इंचाला १९ आटे आणि एनपीटीला १८, त्यामुळे दोन-तीन फेरे छान बसतात आणि मग अडतात, लोक पाना लावून दामटतात आणि महागाच्या टूलचं तोंड फुटतं. टेफ्लॉन टेपने हे जुळत नाही, अ‍ॅडॅप्टर आणा.

आणि पाण्याचा पीव्हीसी पाइप हवेला वापरू नका. पाण्यात फुटला तर गळतो, हवेत फुटला तर तुकडे सुटतात आणि डोळ्यात जातात.

विजेचं काय? इन्व्हर्टरवर चालेल?

५५० वॅटचा धावताना थोडी वीज खातो पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो, म्हणून १५-१६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर लावा, बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर नाही. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर नको. बिल म्हणाल तर निम्मा वेळ मोटर चालली असं धरून दोन तासांना साधारण अर्धा युनिट, त्याची काळजी करू नका.

सिलिंडरची हवा वापरली तर आवाजच नाही ना?

बरोबर, काही एनग्रेव्हर कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजनचा सिलिंडर रेग्युलेटर लावून वापरतात, अगदी शून्य आवाज. पण बंद खोलीत हे दोन्ही वायू साठले तर जीवावर बेततं, खिडकी उघडी पाहिजेच, आणि सिलिंडर उभा साखळीने बांधलेला हवा. लहान मुलं असलेल्या घरात मी तरी ठेवणार नाही. टर्बाइनला तर तो काही वेळातच संपेल.

काचेवर काम करताना कॉम्प्रेसरशिवाय अजून काय लागतं?

काचेची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका, हे आवाजापेक्षा कितीतरी महत्त्वाचं. पाण्याचा थेंब थेंब सोडत ओलं काम करा, एन-९५ मास्क, गॉगल. काम झाल्यावर कपड्यांवरची धूळ हवेच्या नळीने झटकायची सवय पुष्कळांना असते, ती सोडा, दाबाखालची हवा अंगावर मारायचीच नाही.

पुण्यात कुठे बघायचं?

नळ्या, कपलर, टेप, साधे फिटिंग बोहरी आळीत. नीट रेग्युलेटर, सेपरेटर, पीयू ट्यूब यासाठी भोसरी-चिंचवड एमआयडीसीकडचे न्यूमॅटिक्सचे डीलर, ते एक-दोन नगही देतात, पण शनिवारी लवकर जा. कॉम्प्रेसर डेंटलचं सामान विकणाऱ्यांकडे बघा, तिथे सर्व्हिस आणि रिंगा मिळतात. ऑनलाइन घ्यायचा तर आधी सुट्या भागांची चौकशी करा, पिस्टन रिंग मिळत नसेल तर तो कॉम्प्रेसर दोन वर्षांनी भंगारच.

दवाखान्यातून काढलेला जुना मिळतोय, घेऊ का?

घ्या, बघून घ्या. डेंटिस्ट मोठं युनिट घेतात तेव्हा छोटे चांगले कॉम्प्रेसर निघतात आणि निम्म्याच्याही खाली मिळतात. ड्रेन कॉक उघडून पाण्याचा रंग बघा, टाकीच्या बुडाला आणि वेल्डिंगच्या रेघेवर फुगलेला रंग शोधा, तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज बद येतो का बघा. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग ओढल्यावर हवा सुटून तो परत घट्ट बसला पाहिजे. घड्याळ लावून टाकी भरायचा वेळ मोजा, वर सांगितलं तसा. वेळ जास्त लागला पण टाकी कोरी असेल तर रिंगा आणि पत्ती व्हॉल्व्ह बदलून तो परत उभा राहतो, त्याचे पैसे किमतीतून कमी करून मागा. टाकी गंजलेली असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या, गंजलेल्या टाकीवर वेल्डिंग मारून चालवायची नसते.